‘पगार’ : एका लॅटिन क्रियापदाचा प्रवास

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही कचेरीत एक प्रश्न हमखास कानी पडतो : “पगाराचं पेमेंट झालं का?” हा प्रश्न विचारणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यासही कल्पना नसते की या चार शब्दांत दोन सख्खी भावंडे शेजारी बसली आहेत. ‘पगार’ आणि ‘पेमेंट’ ही दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची अपत्ये होत. एक पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यास उतरले. दुसरे फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आले. ते मूळ क्रियापद ‘पाकारे’. त्याचा आरंभीचा अर्थ ‘पैसे देणे’ असा मुळीच नव्हता. ‘शांत करणे’ हा त्याचा पहिला अर्थ होय. शांत करणे आणि देणे चुकवणे या दोन कल्पना कशा जुळल्या, कोणी जुळवल्या, आणि त्या जुळणीत आपल्यासारख्या, आपले देणे अद्याप न मिळालेल्या माणसांसाठी काय दडले आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

लॅटिनमध्ये शांततेस ‘पाक्स’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘बांधणे, पक्के करणे’ अशा अर्थाच्या प्राचीन धातूत असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. करार करणे या अर्थाचे ‘पाकिस्कि’ हे क्रियापद आणि करार या अर्थाचा ‘पाक्टुम’ हा शब्द त्याच धातूचे. १९३२ च्या पुणे करारास आपण ‘पूना पॅक्ट’ म्हणतो, त्यातील ‘पॅक्ट’ हाच. संस्कृतातील ‘पाश’ हा शब्दही याच कुळात गणला जातो. म्हणजे रोमन माणसाच्या मनात शांतता ही केवळ भांडण नसलेली अवस्था नव्हती. दोन पक्षांनी स्वतःस बांधून घेतल्यावर जे निर्माण होते ते ‘पाक्स’.

या कल्पनेचा कायद्याशी असलेला संबंध फार जुना आहे. रोमचा पहिला लिखित कायदा म्हणजे इसवीसनपूर्व ४५१-४५० चे ‘बारा फलक’. कोणी दुसऱ्याचा अवयव मोडला तर त्याचाही तोच अवयव मोडावा, असे त्यात एक कलम आहे. मात्र त्या कलमास एक अट आहे : दोघांत समेट झाला नसेल तरच. या समेटासाठी तेथे जे जुने क्रियापद योजले आहे ते ‘पाक्स’च्याच धातूचे. हात मोडणाऱ्याने जखमी माणसाचे समाधान केले, त्याने ते मान्य केले, की सूडाचा अधिकार संपला. पुढे हजार-बाराशे वर्षांनी जे घडणार होते त्याचे बीज येथे दिसते.

तथापि या बीजास मध्यंतरी निराळेच फळ धरले. ‘पाक्स’पासून ‘पाकारे’ हे क्रियापद झाले, आणि राज्यविस्ताराच्या काळात त्याचा अर्थ ‘जिंकून शांत करणे’ असा रूढ झाला. ज्यूलियस सीझरने गॉल देशातील, म्हणजे मुख्यत्वे आजच्या फ्रान्समधील, आपल्या युद्धांचा वृत्तान्त लिहिला आहे. एखादा प्रदेश पूर्ण पादाक्रांत झाला की तो ‘शांत’ झाला असे तो लिहितो, आणि त्यासाठी याच क्रियापदाची रूपे वापरतो. पुढे सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉलमधील कामगिरी आटोपून इसवीसनपूर्व १३ मध्ये परतला, तेव्हा सेनेटने रोममध्ये शांतिदेवतेची वेदी उभारण्याचे ठरवले. इसवीसनपूर्व ९ मध्ये तिचे लोकार्पण झाले. संगमरवरावरील तिचे कोरीवकाम आजही रोममध्ये पाहावयास मिळते. ती शांतता जेत्याची होती. स्पेन आणि गॉल या दोन नावांची वाचकांनी नोंद ठेवावी, कारण क्रियापदाचा अर्थ बदलणाऱ्यांत याच ‘शांत केलेल्या’ प्रांतांचे वंशज होते.

मग रोमन लोक ‘पैसे देणे’ यासाठी काय म्हणत? त्यांच्याकडे यासाठी दोन प्रमुख क्रियापदे होती. एक ‘पेंडेरे’, म्हणजे तोलणे. नाणी पाडली जाण्यापूर्वी धातू तोलून देत, त्या व्यवहाराची ही आठवण. आपल्या ओळखीचा ‘पेन्शन’ हा शब्द तिथूनच आला. दुसरे क्रियापद कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे : ‘सोल्वेरे’, म्हणजे सोडवणे, मोकळे करणे, गाठ सोडणे. कर्जाची नादारी सांगणारा ‘इन्सॉल्व्हन्सी’ हा शब्द याच क्रियापदाचा. ज्यास गाठ सोडवता येत नाही तो नादार.

गाठ सोडण्याची ही भाषा अलंकारिक नव्हती. बारा फलकांनुसार कर्ज कबूल केलेल्यास ३० दिवसांची मुदत असे. ती टळली की सावकार त्यास धरून नेई, ६० दिवस बांधून ठेवी, आणि तरीही कोणी सोडवले नाही तर त्यास टायबर नदीपलीकडे विकता येई. कर्जासाठी देह बांधून घेण्याची ही प्रथा इतिहासकार लिव्हीच्या सांगण्यानुसार इसवीसनपूर्व ३२६ मधील एका कायद्याने मोडली. पण शब्द मागे उरले. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या विधिग्रंथातही ऋण म्हणजे कायद्याचे बंधनच, आणि ते देऊन टाकणे म्हणजे त्या बंधनाची सोडवणूक.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. आपण कर्ज ‘फेडतो’. फेडणे म्हणजे मुळात सोडणे, उकलणे. नेसलेले वस्त्र फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. ‘ऋणमोचन’ या संस्कृत शब्दातही सुटकाच आहे. रोमन वकील ‘सोल्वेरे’ म्हणत असे तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र येई, तेच चित्र आपल्या ‘फेडणे’त आहे. दोन्ही भाषांचा या बाबतीत एकमेकींशी संबंध आला नाही. मात्र कर्ज म्हणजे गळ्यातली गाठ हा अनुभव दोन्हीकडचा.

‘सोल्वेरे’मध्ये एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात सारे लक्ष ऋणकोकडे आहे : तो बांधलेला होता, तो सुटला. धनकोस काय वाटले, हा प्रश्न त्या क्रियापदात येत नाही. रोमचे पश्चिमेकडील साम्राज्य पाचव्या शतकात कोसळल्यानंतरच्या काही शतकांत लोकांच्या लॅटिनमध्ये जो बदल झाला तो नेमका येथे. पैसे देण्यासाठी लोक ‘पाकारे’ वापरू लागले. ज्याचे देणे लागतो त्यास शांत करणे, त्याचे समाधान करणे, असा अर्थ आरंभी असणार. पुढे साधन हाच अर्थ झाला. ज्या पैशाने माणूस शांत होतो तो पैसा देणे, एवढेच उरले. दृष्टी ऋणकोवरून धनकोकडे वळली. व्यवहार केव्हा पुरा झाला, हे आता घेणाऱ्याच्या समाधानावरून ठरू लागले.

हा बदल ज्या काळात घडला त्या काळाचे न्यायशास्त्र पाहिले की तो अधिक उमगतो. सहाव्या शतकाच्या आरंभी, फ्रँक राजा क्लोव्हिसच्या काळात संकलित झालेला ‘सॅलिक कायदा’ म्हणजे बव्हंशी भरपाईचे दरपत्रकच आहे. स्वतंत्र फ्रँक माणसाचा खून केल्यास २०० सॉलिडस, म्हणजे सोन्याची नाणी. राजाच्या खास सेवेतील माणसाचा खून केल्यास ६००. रोमन जमीनधारकाचा खून केल्यास केवळ १००. माणसामाणसांतील ही विषमता आज वाचताना खटकते, आणि खटकली पाहिजे. पण या रकमेचे कार्य काय होते? मृताच्या नातलगांना सूडापासून परावृत्त करणे. ते पैसे स्वीकारले की वैर मिटले. या रकमेतील एक भाग राजसत्तेकडे जाई, आणि त्याचे ‘फ्रेडस’ हे नाव शांतता या अर्थाच्या जर्मानिक शब्दावरून आले आहे. शांतता आणि पैसा यांची सांगड त्या समाजाच्या न्यायव्यवस्थेतच होती. ‘पाकारे’चा नवा अर्थ थेट या कायद्यातून निघाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल, मात्र ज्या जगात देणे चुकवल्यावाचून शांतता नव्हती, त्या जगात हा अर्थ रुजला, एवढे निश्चित म्हणता येते.

लॅटिनच्या लोकबोलींतून ज्या भाषा उपजल्या त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. त्यांपैकी बहुतेकींनी हे क्रियापद आपलेसे केले. इटालियनमध्ये ते ‘पागारे’ झाले, स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलन आणि दक्षिण फ्रान्सची ऑक्सितान या चारही भाषांत ‘पागार’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. नॉर्मन विजयानंतर फ्रेंचचा प्रभाव इंग्रजीवर पडला आणि तिथे ‘पे’ आले. दोन स्वरांमधला ‘क’ घासून ‘ग’ झाला, आणि फ्रेंचमध्ये तोही झिजून केवळ ‘य’कार उरला. आपल्याकडे ‘मकर’चा ‘मगर’ आणि ‘सकल’चा ‘सगळा’ झाला, तशीच ही प्रक्रिया. लोकांच्या जिभा सर्वत्र सारख्याच वागतात.

जुना अर्थ मात्र एकदम पुसला गेला नाही. कॅस्टिलियन भाषेतील आद्य महाकाव्य ‘मिओ सिद’ मध्ये ‘पागादो’ हा शब्द ‘संतुष्ट’ या अर्थाने येतो. आजही स्वतःवर खूश असलेल्या, आत्मसंतुष्ट माणसास स्पॅनिशमध्ये ‘पागादो’ म्हणतात. इटालियनमध्ये ‘पागो’ म्हणजे तृप्त, आणि ‘आप्पागारे’ म्हणजे तृप्त करणे. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधील ‘आपागार’ची गोष्ट तर अधिक रंजक आहे. तेही शांत करणे याच अर्थातून आले, पण आज त्याचा अर्थ विझवणे, मालवणे असा होतो. दिवा विझला असे म्हणणे अशुभ मानून आपण ‘दिवा शांत झाला’ म्हणतो, तो अर्थाचा धागा येथेही आहे. तहान भागवणे यासाठीही स्पॅनिश माणूस हेच ‘आपागार’ योजतो. आणि मराठीत? आपण तहान ‘भागवतो’, आणि देणेही ‘भागवतो’. लॅटिनचे ‘सोल्वेरे’ म्हणजे आपले ‘फेडणे’, तर ‘पाकारे’ म्हणजे आपले ‘भागवणे’. दोन्ही वाटा आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदत आहेत.

रोमान्स कुळातील एक भाषा मात्र या बदलात सामील झाली नाही : पूर्वेकडील रुमानियन. चहूबाजूंनी परभाषांनी वेढलेल्या या भाषेने ‘पैसे देणे’ यासाठी ‘प्लाती’ हे क्रियापद शेजारच्या स्लाव भाषांतून घेतले. पण आपले लॅटिन क्रियापदही तिने टाकले नाही. ते तिच्यात ‘इंपाका’ या रूपात, ‘समेट घडवणे’ या अर्थाने आजही जिवंत आहे. त्यातला जुना ‘क’सुद्धा तसाच आहे. मुख्य प्रदेशापासून तुटलेल्या भाषिक समाजात पुष्कळदा असे दिसते. व्यवहाराचा शब्द तो शेजाऱ्याकडून घेतो आणि मुख्य प्रदेशाने केव्हाच बदललेला जुना अर्थ जपून ठेवतो. बेळगाव, गुलबर्गा, हैदराबाद, बडोदे वा ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वाढलेल्या वाचकास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, त्यांच्याकडे राहिली. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने इंग्रजांच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये कंपनीकडे गेले. या काळात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत एक मोडकी पोर्तुगीज ही व्यापाराची सामायिक बोली होती. इंग्रज आणि डच व्यापारीही ती वापरीत. अशा बोलींत क्रियापदाची रूपे चालवली जात नाहीत. मूळ रूपच सर्वत्र वापरले जाते. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापदाचे मूळ रूप, ‘देणे चुकवणे’. खलाशी, शिपाई आणि घरगडी यांच्या कानावर महिन्याअखेरी जो शब्द पडे तो हाच असावा. त्यांनी त्या क्रियेस वस्तूचे नाव केले. धनी ‘पागार’ करतो, म्हणून हाती पडते तो ‘पगार’.

मराठीस तोवर या अर्थाचे शब्द नव्हते असे नाही. पेशवेकालीन कागदांत तैनात, रोजमुरा, मुशाहिरा असे शब्द आहेत. ‘वेतन’ तर संस्कृतच. तरीही या साऱ्यांना मागे सारून ‘पगार’ घराघरांत गेला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्ल-भारतीय शब्दकोशात मुंबईच्या घरगुती बोलीतील शब्द म्हणून त्याची नोंद आहे. गोमंतकाचे थोर कोशकार मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंपत्तीच्या प्रभावाचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो या प्रवासाचा आधारग्रंथ होय. पुढे मराठीने या शब्दास आपल्या व्याकरणात पुरते मुरवले. ‘पगारदार’मध्ये पोर्तुगीज शब्दास फारसी प्रत्यय लागला, ‘बिनपगारी’, ‘पगारवाढ’, ‘पगारपत्रक’ हे शब्द तर आज शासकीय कागदांतही आहेत.

हा शब्द केवळ आपलाही राहिला नाही. कोकणीत आणि गुजरातीत तो आहे. प्रमाण कानडीत ‘संबळ’ असले तरी उत्तर कर्नाटकाच्या कानडीत ‘पगार’ सर्रास चालतो. सीमाभागातील ज्या बाजारपेठेत फलकाच्या लिपीवरून वाद होतात, तिथे मराठी आणि कानडी मजूर शनिवारी एकाच शब्दाने आपले दाम मागतात, आणि तो शब्द दोघांचाही नसून लिस्बनहून आलेला असतो. भाषेच्या अभिमानास याने उणेपणा येत नाही. शब्द घेतल्याने भाषा मरत नाही. ती बोलण्याच्या, शिकण्याच्या आणि अर्ज करण्याच्या जागा काढून घेतल्याने मरते. सीमाप्रश्नाच्या चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत आपल्या बाजूनेही अनेकदा झाली आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

वकिलीत ‘समाधान’ हा शब्द रोजच्या कामाचा आहे. हुकूमनामा मिळाल्याने दावेदाराचे काम संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशान्वये हुकूमनाम्याची रक्कम वा हक्क पदरात पडून त्याचे ‘समाधान’ नोंदवले जावे लागते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ६३ वे कलम तर सांगते की वचनाच्या पूर्ततेऐवजी घेणाऱ्यास योग्य वाटेल ते समाधान तो स्वीकारू शकतो. योग्य काय हे घेणाऱ्याने ठरवावयाचे, देणाऱ्याने नव्हे. मराठेशाहीतील न्यायपद्धतीतही निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा लिहून घेत. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पद सोडणे असा नसून, निर्णय मान्य करण्यास आपण राजी आहोत असा होता. ‘पाकारे’च्या लोकार्थामागील तत्त्व हेच : वाद मिटला की नाही, हे ज्याचे येणे आहे त्यास विचारावे.

म्हणून या क्रियापदाचे दोन अर्थ आपण जवळ ठेवावेत. सीझरच्या अर्थाने ‘शांत’ करणे म्हणजे समोरच्याचा आवाज बंद करणे. त्याच्या प्रजेच्या वंशजांनी दिलेल्या अर्थाने शांत करणे म्हणजे समोरच्याचे देणे चुकवणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा त्याच वर्षी घटनेत ३५०-क हा अनुच्छेदही घातला गेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. ते लिखित देणे आहे, आणि ते कर्नाटकाइतकेच महाराष्ट्रातील कानडी मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रावरही आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. या देण्यास त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सीमाभाग आता शांत आहे, असे अधूनमधून अधिकारी सांगतात. त्यांनी ‘शांत’ हा शब्द कोणत्या अर्थाने योजला, एवढे त्यांना आपण नम्रपणे विचारावे. आपल्या घरांत महिन्याच्या वीस तारखेला एक वाक्य उच्चारले जाते : पगारात भागत नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे वाक्य स्वतःलाच छेद देणारे आहे, कारण जो समाधान करतो तोच मुळात ‘पगार’. पण बोलणाऱ्याचे म्हणणे खरे असते. हाती काही पडले आहे, आणि देणे अद्याप भागलेले नाही.